सांडपाणी आणि मैलापाणी

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की पाली येते. तिथं बिंदुसरेवर धरण आहे. पावसाळ्यात ते भरलं की सांडव्यावरून पडणारं पाणी बघायला बीडकर पोराबाळांसह जातात. घरामागच्या न्हाणीतून येणाऱ्या सांडपाण्याला मात्र आपण नाक मुरडतो. सांडवा आणि सांडपाणी, दोन्ही शब्द 'सांडणे'वरूनच आले.

सांडपाणी म्हणजे घाण, हा पहिला गैरसमज. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकणे, सोडून देणे. तेव्हा सांडपाणी म्हणजे वापरून सोडलेलं पाणी: अंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं. आपल्या आया-आज्यांनी त्यातही भेद केला होता. तांदळाचं धुवण गुरांच्या पुढ्यात जायचं, न्हाणीचं पाणी केळीच्या आळ्यात. संडासातलं ते मैलापाणी, आणि ते या शब्दात कोणी धरत नव्हतं.

शहरात दोन्ही एकाच भुयारी गटारात जातात, म्हणून 'सांडपाणी प्रक्रिया केंद्र' या नावात मैलापाणीही आलं. तो वापर रूढ आहे, चूक नाही. पण तोच अर्थ गावात आणला की 'सगळं एकच' म्हणत न्हाणीची नळी संडासाच्या खड्ड्याला जोडली जाते. दोन खड्ड्यांच्या संडासात मैल्याचं खत व्हायचं तर जादा पाणी आत जाता कामा नये. गेलं की खड्डा तुंबतो, आणि मग मैलापाणी उघड्या नालीत येतं. शब्दाची गफलत इथे दारात येऊन साचते.

'एका घराचं सांडपाणी असून असून किती असणार?' असंही वाटतं. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज 55 लिटरचा. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होतं असं अभियंते धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज 220 लिटर. पालीच्या अंगानं येणारी बिंदुसरा बीड शहरातून वाहते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. नालीत सोडलेलं पाणी संपत नाही, पुढच्या गावाला जातं.

डेंग्यू नालीतून होतो, असंही सर्रास म्हणतात. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती रांजण, टाकी, टायर अशा ठिकाणच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात. तुंबलेल्या नालीत वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. नाली वाहती ठेवा आणि रांजणही आठवड्याला कोरडा करा.

सांडपाण्यावर उपाय महागडा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेतले: मधोमध छिद्रं पाडलेली टाकी, भोवती दगड-गोटे, वर झाकण. नाल्या कोरड्या पडल्या आणि डास हटले. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथं मुरमापर्यंत खोल जावं लागतं. आणि खड्डा विहिरीपासून, बोअरपासून लांबच घ्यावा.

आज घरामागे एकदा जाऊन बघा, न्हाणीची नळी आणि संडासाची नळी कुठे एकत्र तर होत नाहीत ना.