ज्यू बेकरीचा धंदा आणि घरच्या माणसांचे तास

दुकानाच्या पाटीवर 'आणि पुत्र' ही अक्षरे दिसली, की गिऱ्हाइकाला जिव्हाळा वाटतो. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या मनात मात्र पहिला प्रश्न येतो, तो या पुत्राला पगार किती, हा. आजचा विषय न्यूयॉर्क शहरात ज्यू कुटुंबांनी चालविलेल्या बेकऱ्यांचा आणि 'डेली' नावाच्या दुकानांचा आहे. इतक्या दूरची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. घरची माणसे राबवून चालणारा धंदा आपल्याही गल्लोगल्ली आहे. परंतु तिकडे त्यातले भांडण संपापर्यंत आणि कोर्टाच्या पायरीपर्यंत गेले, म्हणून ते पाहण्याजोगे आहे.

१८८१ नंतर रशिया, पोलंड, रुमानिया या भागांतून छळाला आणि दारिद्र्याला कंटाळलेले ज्यू लोक अमेरिकेची वाट धरू लागले. १९२४ साली तेथील सरकारने दारे जवळजवळ लावून घेतली, तोवर वीस लाखांवर माणसे येऊन पोचली होती. पुष्कळांनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, आपल्या गिरणगावातल्या चाळींची आठवण व्हावी अशा इमारतींत बिऱ्हाडे थाटली. भट्टी असे इमारतीच्या तळघरात, कारण तळघराचे भाडे कमी. तेथे ना उजेड ना वारा. पिठाची धूळ, भट्टीची धग आणि रात्रपाळी ही भट्टीवाल्याची नित्याची सोबत.

आता या धंद्याचा हिशेब धर्माच्या नियमांनी कसा बांधला आहे ते पाहू. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना 'शनवार तेली' म्हणत, हे ठाऊक असेलच. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत. तोच शब्बाथ येथेही. शुक्रवारी सूर्यास्ताला काम थांबायचे ते शनिवारी रात्र पडेपर्यंत. शब्बाथच्या जेवणाला 'खल्ला' हा वेणीसारखा गुंफलेला पाव लागतो. म्हणून गुरुवारची रात्र ही भट्टीवाल्याची सर्वांत मोठी रात्र. (या पावाचा उच्चार 'हल्ला' असाही करतात, आणि शुक्रवारी दुकानात उडणारी झुंबड पाहता तो अगदीच गैरलागू नाही.) पासोव्हरच्या सणात आठ दिवस आंबवलेले काहीही चालत नाही, बेकरीचे तेवढे दिवस बुडालेच. त्यातून रविवारी दुकाने बंद ठेवण्याचे कायदे अनेक राज्यांत होते. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावच्या एका ज्यू बाजारदुकानाने शनिवारी बंद ठेवतो, निदान रविवारी उघडू द्या, म्हणून दाद मागितली. १९६१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदाच उचलून धरला. म्हणजे पाच दिवसांच्या गल्ल्यावर सात दिवसांचे भाडे भरायचे.

डेलीत मांस विकतात. आणि ज्यू धर्मात मांस व दूध एकत्र चालत नाही. भांडीही वेगळी. म्हणून कोशर, म्हणजे धर्मशुद्ध, डेलीत लोणी नाही, चीज नाही, दुधाचा चहाही नाही. मासे आणि दुधाचे पदार्थ विकणारी दुकाने निराळी. पाव मात्र दोन्हीकडे खपला पाहिजे, म्हणून ज्यू बेकरीतला रोजचा पाव बिनदुधाचा. राय नावाच्या धान्याचे आंबट आंबवण घरच्या विरजणासारखे दिवसेंदिवस जपतात, आणि कालचा शिळा पाव भिजवून, पिळून आजच्या कणकेत मिसळतात. त्याने पाव अधिक खमंग होतो आणि माल फुकट जात नाही. या युक्तीचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. मांसाची गोष्ट उलटी. पास्त्रामीचे गोमांस मिठाच्या पाण्यात मुरवायचे, मसाला चोळून धुरावर धरायचे, मग वाफवायचे; एवढ्यात त्याचे पुष्कळ वजन घटते. शिवाय धर्मनियमांप्रमाणे चालले आहे की नाही हे पाहणाऱ्या देखरेखनिसाचा खर्च आहेच.

मालात कसर नाही, भाड्यात नाही, वारांत तर नाहीच. मग दुकान तगते कशावर? आमच्या मते बायकोमुलांच्या तासांवर. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली कायदा केला, की बेकरीतील कामगाराकडून दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांहून अधिक काम घेऊ नये. लॉकनर नावाचा एक बेकरीमालक (हा ज्यू नव्हे) वर गेला आणि १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती तासांची मर्यादा रद्द केली. कारण काय, तर कामगाराचे करार करण्याचे स्वातंत्र्य! पण ती मर्यादा राहिली असती तरी लागू होती नोकरमाणसाला. मालकाला नव्हे, आणि गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या बायकोचे तास मोजणार कोण? आपल्याकडे खानावळवालीची सून पहाटे पीठ मळते, त्याची नोंद कोणत्या वहीत होते? ह्यूस्टन स्ट्रीटवरच्या एका मासळीच्या दुकानाच्या मालकाने १९३०च्या दशकात तिन्ही मुलींना भागीदार केले आणि पाटीवर 'रस अँड डॉटर्स' असे लिहिले. मुली लहानपणापासून तेथे राबत होत्याच; नवे होते ते त्यांचे वहीत येणे.

नोकरमाणसांनी आपले तास वहीत आणले ते संघटनेच्या बळावर. बेगल हा मेदुवड्यासारखे भोक असलेला, आधी उकळून मग भाजलेला पाव. तो करणाऱ्यांची 'लोकल ३३८' ही संघटना जेमतेम तीनशेंची. चौघांची टोळी: दोघे वळणारे, एक कढईवर, एक भट्टीवर. मजुरी नगावर. डिसेंबर १९५१ मध्ये मालकांशी बिनसले तेव्हा शहरातल्या ३४ बेगल बेकऱ्यांपैकी ३२ बंद पडल्या, आणि तडजोड व्हायला फेब्रुवारी उजाडला. तीनशे माणसांनी एवढे मोठे शहर अडवावे, याचा आम्हांला आजही हेवा वाटतो. मात्र एक गोष्ट खटकते. सभासदत्व बहुधा बापाकडून मुलाकडे, फार तर पुतण्याकडे जाई. मालकाच्या पाटीवरचे 'आणि पुत्र' संघटनेच्या दारावरही लागले होते. बाहेरचा होतकरू कामगार बाहेरच राहिला.

पुढे डॅनियल थॉम्पसन नावाच्या माणसाने बेगल वळणारे यंत्र काढले. १९६३ साली ते न्यू हेवनच्या लेंडर कुटुंबाने भाड्याने घेतले. हेही घरचेच दुकान, १९२७चे. ज्याने कधी कणकेला हात लावला नाही असा मनुष्यही आता बेगल करू लागला. गोठवलेले बेगल पिशव्यांतून अमेरिकाभर गेले आणि १९७०च्या दशकात लोकल ३३८चे वेगळे अस्तित्व संपले. १९८४ साली लेंडरांचा धंदाही क्राफ्ट या बड्या कंपनीने विकत घेतला. घरची लहान दुकाने बहुतेक वेळा याहून साध्या कारणांनी बंद झाली. भाडे वाढले, किंवा ज्या मुलाला शिकवण्यासाठी बाप पहाटे दोनला उठला तो डॉक्टर होऊन निघून गेला.

हाताने बेगल वळणाऱ्या बेकऱ्या न्यूयॉर्कमध्ये अजून आहेत. कणकेवरचे हात आता पुष्कळदा थायलंडहून किंवा मेक्सिकोहून आलेल्या माणसांचे असतात. पाटीवरचे आडनाव जुनेच असते.