तक्त्यावरचा हिरवा रंग

मोठे काम हाती घेतले की त्याचे तुकडे करावे लागतात आणि तुकडे झाले की ते पुन्हा जुळविण्याचे एक निराळेच काम उभे राहते. हे जुळविण्याचे काम आता संगणकाकडे सोपविण्यात आले आहे. 'मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट', 'जिरा' आदी प्रणाली जगभरच्या कचेऱ्यांत रुजल्या असून, कोणत्या गटाकडे कोणते काम आहे, ते कोणामुळे अडले आहे आणि केव्हा पुरे होणार, याचा हिशेब त्या सतत मांडीत असतात. मुदतीत चाललेले काम हिरवे, धोक्यात आलेले पिवळे आणि रखडलेले तांबडे, ही रंगांची भाषाही रूढ झाली आहे. पडद्यापुढे बसलेल्या वरिष्ठास सारा कारभार आपल्या मुठीत असल्यासारखे वाटते. तसा तो खरोखरच असतो काय?

या विद्येचा उगम युद्धसज्जतेत आहे. पाणबुडीतून सोडावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी अमेरिकी नौदलाने १९५५ च्या अखेरीस रिअर अ‍ॅडमिरल विल्यम रेबॉर्न यांच्या हाताखाली खास कार्यालय उघडले. क्षेपणास्त्र, पाणबुडी आणि दिशादर्शनाची यंत्रे वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे एकाच वेळी तयार व्हावयाची होती. त्यासाठी १९५८ साली 'पर्ट' ही पद्धती बेतण्यात आली. प्रत्येक कामाला कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त किती काळ लागेल, असे तीन अंदाज घ्यावयाचे. मधल्यास चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागावयाचे. आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधून तिच्यावर नजर ठेवावयाची. २० जुलै १९६० रोजी 'जॉर्ज वॉशिंग्टन' पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस यशस्वीपणे सोडले आणि 'पर्ट'चा डंका जगभर वाजू लागला.

हार्वे सपोल्स्की या अभ्यासकाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र निराळेच चित्र दिसले. प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा 'पर्ट'वर फारसा भरवसा नव्हता आणि पोलॅरिसच्या यशात तिचा वाटाही बेताचाच होता. तिचा खरा उपयोग झाला तो बाहेरच्यांना दिपविण्यासाठी. येथील कारभार शास्त्रशुद्ध आहे अशी खात्री पटल्यामुळे वरून होणारी ढवळाढवळ टळली आणि रेबॉर्न यांच्या माणसांना निर्वेधपणे काम करता आले. तक्ता कामाचा नव्हता असे नाही. त्याचे काम छत्रीचे होते, एवढेच!

तक्ता खोटे बोलत नाही. त्यात भरलेली माहिती खोटी असू शकते. २००६ च्या सप्टेंबरात अ‍ॅलन मुलाली यांनी फोर्ड मोटार कंपनीची सूत्रे घेतली, तेव्हा त्यांना हाच अनुभव आला. बोइंगमध्ये ७७७ विमानाच्या उभारणीची धुरा वाहिलेल्या या गृहस्थांनी दर गुरुवारी सर्व विभागप्रमुखांची बैठक सुरू केली आणि प्रत्येकाने आपापली स्थिती रंगांत दाखवावी, असा दंडक घातला. त्या वर्षी कंपनीला १,२०० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला; आणि सुरुवातीच्या बैठकांतील तक्ते मात्र जवळजवळ संपूर्ण हिरवे! सर्व काही सुरळीत असताना एवढा पैसा बुडतो कसा, असे मुलालींनी विचारल्यावर सारे गप्प राहिले. अखेर मार्क फील्ड्स यांनी, कॅनडातील ओकव्हिल येथे तयार होणाऱ्या 'एज' मोटारीत दोष आढळल्यामुळे तिचे आगमन लांबत आहे, हे तांबड्या रंगात दाखविले. यांची नोकरी गेली, असेच इतरांना वाटले. मुलालींनी टाळ्या वाजविल्या आणि यांना मदत कोण करील, असे विचारले. तत्काळ दोघातिघांनी उपाय सुचविले. पुढील काही आठवड्यांत तक्ते रंगीबेरंगी झाले. फील्ड्स २०१४ साली मुलालींचे वारस झाले.

भारतातही रखडलेल्या प्रकल्पांची नोंद ठेवण्यात कसूर झालेली नाही. १५० कोटी रुपये वा त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांवर सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाची नजर असते आणि भूसंपादन, वनखात्याची परवानगी ही विलंबाची कारणे त्याच्या अहवालांत वर्षानुवर्षे आढळतात. २०१५ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या 'प्रगती' व्यवस्थेत पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीद्वारे केंद्रीय सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव यांच्याकडून थेट जाब घेऊ लागले. दोन खात्यांतील फाईल हलविण्याचा अधिकार असलेली माणसे एकाच वेळी समोर असणे, हा त्यातील खरा लाभ. संगणक हे निमित्त. नवी मुंबईच्या विमानतळाला तत्त्वतः मंजुरी २००७ साली मिळाली आणि उद्घाटन २०२५ साली झाले. मधल्या अठरा वर्षांत गावे हलवावयाची होती, टेकडी कापावयाची होती, नदीचे पात्र वळवावयाचे होते. ज्यांची घरे जाणार त्यांची संमती ही तक्त्यातील एका ओळीत मावणारी बाब नव्हे.

आणि ती ओळ भरतो कोण? बहुधा कनिष्ठ अभियंता किंवा कारकून. काम अडले आहे हे त्याला सर्वांआधी कळते. परंतु तशी नोंद करताच मदतीचा हात येणार, की 'कारणे दाखवा' नोटीस येणार, याचा अंदाज तो आधी बांधतो आणि मगच रंग निवडतो.