भुलेचे जुने औषध आणि कर्करोगावरील नवी आशा

धान्याच्या व्यापारात जुन्या मालाला मान असतो. जुना तांदूळ मोकळा शिजतो, म्हणून त्यास चढा भाव मिळतो. औषधांच्या बाजारात मात्र रीत उलट आहे. तेथे जाहिरात नव्या मालाची आणि भावही नव्या मालाला. स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या औषधात फारसा नफा उरत नाही; म्हणून त्याचा आणखी काही उपयोग आहे काय, हे शोधण्यास सहसा कोणी धजत नाही. अशाच एका जुन्या औषधाची हकीकत आम्ही या स्मरणिकेच्या द्वारे सभासद बंधुभगिनींपुढे ठेवू इच्छितो.

ते औषध म्हणजे लिग्नोकेन. दात काढण्यापूर्वी हिरडीत जी सुई टोचतात व ज्यामुळे तेवढाच भाग बधिर होतो, ते बहुधा हेच. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ निल्स लोफ्ग्रेन यांनी 1943 साली ते सिद्ध केले आणि 1948 पासून ते बाजारात आले. आज लहानमोठ्या बहुतेक सर्व दवाखान्यांत ते मिळते.

या औषधाचा कर्करोगाशी संबंध जोडला तो मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने. हे रुग्णालय 1941 साली टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिले व 1962 पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. इंदूरहून संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसने निघून तेथे जाणारी कुटुंबे आपल्या बाजारातही आहेत; तेव्हा त्या नावाची अधिक ओळख करून देण्याचे कारण नाही.

तेथील शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मूलभूत प्रश्न विचारला. स्तनाच्या कर्करोगाची गाठ पूर्णपणे काढून टाकल्यावरही काही स्त्रियांना तो रोग पुढे हाडांत, फुप्फुसांत वा यकृतात का उद्भवतो? त्यांचा तर्क असा की, शस्त्र लागताच गाठीतील पेशी डिवचल्या जातात आणि त्याच वेळी त्यांतील काही निसटून दूर जाण्याची शक्यता वाढते. मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश नेणारे सोडियमचे सूक्ष्म मार्ग लिग्नोकेन बंद करते. तसेच मार्ग कर्कपेशींच्या आवरणातही आढळतात. मग ते शस्त्रक्रियेपूर्वीच बंद केले तर?

तर्क कितीही सुंदर असला तरी तो पारखून घ्यावा लागतो. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवरून कोणी सौदा करीत नाही. परखी आतपर्यंत खुपसून वानगी काढावी लागते. 2011 ते 2022 या काळात भारतातील 11 केंद्रांमध्ये 1,600 स्त्रियांवर हा प्रयोग झाला. औषध कोणास द्यावयाचे व कोणास नाही, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता सोडतीच्या पद्धतीने ठरविले गेले. ज्यांना ते द्यावयाचे, त्यांच्या गाठीच्या सभोवती सर्व बाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेन टोचून, 7 ते 10 मिनिटे थांबून मग शस्त्रक्रिया केली गेली. बाकी सर्व उपचार दोन्ही गटांना सारखेच होते.

पाच वर्षांनंतरचा हिशेब असा निघाला. सुई न दिलेल्या गटात 86.4 टक्के स्त्रिया हयात होत्या, तर सुई दिलेल्या गटात 90.1 टक्के. रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 82.6 व 86.6 टक्के होते. म्हणजे शंभर स्त्रियांमागे सुमारे चौघींचा लाभ झाला. आणि औषधाचा खर्च दर रुग्णास केवळ शंभर रुपयांच्या आसपास! डॉ. बडवे यांनी हे निष्कर्ष सप्टेंबर 2022 मध्ये पॅरिस येथील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले आणि 2023 साली ते अमेरिकेतील मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत. भुलेचे कोणतेही औषध कोठेही टोचले तर असा गुण येतो, असे मुळीच नाही. पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतू बधिर करून स्तनाची शस्त्रक्रिया केल्यास रोग उलटणे टळते काय, हे अनेक देशांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर तपासले गेले. 2019 साली निष्कर्ष आला की काहीही फरक पडत नाही. तसेच मुंबईचा प्रयोग हा ज्यांची गाठ लवकर लक्षात आली व जिच्यावर थेट शस्त्रक्रिया करता आली, अशाच स्त्रियांपुरता होता. गाठ वाढल्यामुळे ज्यांना आधी रसायनोपचार घ्यावे लागतात, त्यांना हा निष्कर्ष लागू करता येत नाही.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही शेवटचीच होय. आपल्या घरांतील स्त्रिया संकोचामुळे गाठ महिनोन्‌महिने लपवितात आणि घरातील पुरुष दुकानाच्या व्यापात विचारपूस करीत नाहीत. शंभर रुपयांचे औषधही वेळेवर आलेल्या स्त्रीच्याच उपयोगी पडते. म्हणून प्रत्येक सभासदाने आपल्या घरी हा विषय मोकळेपणाने काढावा; आणि शस्त्रक्रिया ठरलीच तर या सुईविषयी शल्यविशारदांस अवश्य विचारावे.

दुसरी विनंती संघटनेस आहे. हा प्रयोग कोणा औषध कंपनीच्या नव्हे, तर अणुऊर्जा खात्याच्या, म्हणजेच जनतेच्या पैशावर झाला. ज्या मालात नफा नाही, त्याची पारख समाजानेच करावयास हवी. पोत्यामागे धर्मादा काढण्याची आपली रीत जुनी आहे. त्यातून धर्मशाळा बांधल्या गेल्या, पाणपोया चालल्या. त्याच निधीचा एक लहानसा वाटा दरवर्षी जुन्या औषधांवरील संशोधनास का जाऊ नये? आमच्या भंवरकुआं भागात वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींची दिवसभर वर्दळ असते. त्यांतील कोणी उद्या डॉक्टर होऊन असाच एखादा प्रश्न विचारील. तो तडीस नेण्यास अकरा वर्षे धीर धरणारे भांडवल लागेल, आणि धीराचे भांडवल घालणे व्यापाऱ्यास नवे नाही. येत्या वार्षिक सभेत या सूचनेचा विचार व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे.