वजन वाढेपर्यंत आई थांबेल का?

‘उपचारमार्ग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तक्ता येतो. पहिल्या दिवशी काय, तिसऱ्या दिवशी काय, घरी कधी सोडायचं. पण तो तक्ता ठरवताना खोलीत कोण कोण होतं? कर्जत-खालापूरच्या कातकरी वाडीतलं एखादं तीव्र कुपोषित मूल घेऊ, म्हणजे प्रश्न कळेल.

दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पावलांवर सूज. असं मूल आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस ठेवतात. आता हिशेब करा. मूल ६ किलोचं. १५ टक्के वाढ हवी, म्हणजे ९०० ग्रॅम. किलोमागे रोज १० ग्रॅम वाढलं तर १५ दिवस लागतात, ५ ग्रॅमच वाढलं तर महिना! शिवाय पहिले काही दिवस वजन वाढवायचंच नसतं; आधी रक्तातली साखर, अंगाची ऊब, जंतुसंसर्ग सांभाळायचा.

डॉक्टरांना जीव वाचवायचाय. आहारतज्ज्ञांची नजर काट्यावर. अंगणवाडी सेविकेला मूल यादीतून निसटायला नको. आणि आई? घरी आणखी दोन पोरं, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचंय, मालकाची उचल घेऊन खर्चही झालेली. बुडीत मजुरी मिळते, पण तिने उचल फिटत नाही. मग पाचव्या दिवशी ती निघते आणि कागदावर शेरा पडतो, ‘न सांगता गेली’. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. तिला कुणी विचारलं होतं का?

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी २००७ मध्येच एकत्र सांगितलंय की भूक चांगली आहे, सूज किंवा गुंतागुंत नाही, अशा मुलावर गावातच उपचार होऊ शकतात. म्हणजे खाट कुणाला आणि वाडी कुणाला, ही निवड करता येते. ती डॉक्टरांनी एकट्याने करू नये. कोणतं घर कधी स्थलांतर करणार हे आशाताईंना आणि सेविकेला ठाऊक असतं. दाखल करतानाच विचारा, “ताई, भट्टीला कधी निघणार?”

डॉक्टरांची हरकत असते, “भट्टीवर ताप आला तर बघणार कोण?” हरकत रास्त आहे. म्हणूनच डिस्चार्ज कार्डावर वाडीबरोबर भट्टीचा पत्ता हवा, आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी फोन.