गरम चहा पन्नीत नको. गरोदरपणात प्लास्टिकपासून का जपावे?

कोराडी : जगदंबा मंदिराजवळची टपरी असो की गावातला चौक, उकळता चहा पन्नीत बांधून नेणे ही आता सगळीकडची सवय. घरात कोणी गरोदर असेल, तर मात्र ही सवय मोडलेली बरी.

नेमके होते काय?
प्लास्टिक कडक करण्यासाठी बिस्फेनॉल-ए (बीपीए) आणि नरम करण्यासाठी थॅलेट ही रसायने अनेक वस्तूंत वापरतात. स्वस्त पन्नीत काय मिसळले आहे, हे तर गिऱ्हाइकाला कळतच नाही. गरम किंवा तेलकट पदार्थ लागला की अशी रसायने अन्नात जास्त उतरतात.

हार्मोन म्हणजे रक्तातून जाणारे निरोप. बीपीए हे इस्ट्रोजेन या हार्मोनची नक्कल करते, त्यामुळे शरीर फसते. ही रसायने वारेतून बाळापर्यंतही पोचतात. बाळाचे अवयव याच हार्मोनच्या इशाऱ्यावर घडत असतात.

अमेरिकेतील 16 अभ्यासांमधल्या 6,045 गरोदर महिलांची माहिती 2022 मध्ये एकत्र तपासली गेली. ज्यांच्या लघवीत काही थॅलेट जास्त होते, त्यांच्यात मुदतीआधी बाळंतपण जास्त दिसले. प्रत्येकीला त्रास होईलच, असा याचा अर्थ नाही. पण काळजी घ्यायला एवढे पुरे.

भारतात बाळाच्या दुधाच्या बाटलीत बीपीए वापरायला बंदी आहे. मोठ्यांच्या डब्या-बाटल्यांना तशी सरसकट बंदी नाही. म्हणून आईने स्वतःच जपायचे.

काय कराल?
• चहा, वरण, रस्सा आणायला स्टीलचा डबा किंवा किटली न्या. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो.
• प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम करू नका.
• लोणचे, तेल काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत ठेवा.
• उन्हात तापलेल्या बाटलीतले पाणी टाळा, माठ उत्तम.
• चूल पेटवायला पन्नी जाळू नका. तो धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक.

घाबरू नका
बीपीए शरीरात साठून राहत नाही. बहुतेक एका दिवसात लघवीवाटे निघून जाते. त्यामुळे आज सवय बदलली, तर उद्यापासूनच फरक पडतो. घरातले सगळे प्लास्टिक फेकायची गरज नाही. गरम आणि तेलकट तेवढे त्यापासून दूर ठेवा.

थायरॉइड किंवा इतर शंका असेल, तर आशाताईंना विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. ती चुकवू नका.