लिलावात नाव इला म्हणजे झाला?

प्रो कबड्डीचा पहिला लिलाव २०१४ मध्ये झाला. त्यात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजारांना घेतलं. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. हे आकडे टीव्हीवरून थेट ओटीवर पोचतात. मग मालवणात, आचऱ्यात, वेंगुर्ल्यात एखादा पोरगा बरी चढाई करतो म्हटल्यावर घरात दोन पक्ष पडतात. आजोबा विचारतात, “मेल्या, ह्येच्यात पैसे गावतत?” आणि पोरगा सांगतो, “लिलावात नाव इला म्हणजे झाला!” आजोबांना कबड्डी म्हणजे पायाच्या ढोपरांचा सत्यानाश वाटतो, नातवाला कोट्यवधी रुपये दिसतात. खरा चढाईपटू या दोघांच्या मधे कुठेतरी जगत असतो, आणि त्याच्याबद्दलचे बरेच समज मुळातच चुकीचे आहेत.

पहिला समज ताकदीचा. चढाईपटू दांडगा हवा, एकट्याने चार जणांना ओढत मध्यरेषेपर्यंत नेणारा हवा, असं आपल्याकडे अजून मानतात. जुन्या मातीवरच्या गोष्टीही तशाच सांगितल्या जातात. प्रत्यक्षात एक चढाई तीस सेकंदांची असते आणि त्यात ताकद लागते ती बहुधा शेवटच्या एक-दोन सेकंदांत. आधीचे सगळे क्षण हिशेबाचे. मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर. ती ओलांडली नाही आणि कुणाला स्पर्शही केला नाही, तर चढाईपटू स्वतःच बाद. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो, आणि तोही एक पाय रेषेपलीकडे टेकताना दुसरा पाय हवेत असेल तर. म्हणजे आत शिरण्याआधीच त्याला गडी मोजायचे असतात. डावा कोपरारक्षक घोट्यावर झेपावणारा आहे की उजवा, मधली जोडी साखळी करून उभी आहे का, मागच्या चढाईत कोण पुढे सरकला होता, हे सगळं डोक्यात ठेवून पाय हलत राहतात. तोंडाने “कबड्डी कबड्डी” चालूच, आणि ते पंचाला ऐकू आलं पाहिजे.

आता गुणफलक बघा. संघ चार गुणांनी पुढे आहे, दोन मिनिटं उरली आहेत. अशा वेळी चढाईपटू निदानरेषा ओलांडतो, इकडेतिकडे फिरतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. प्रेक्षकांतून आवाज येतो, “भियालो रे!” तो भ्यालेला नसतो, त्याने घड्याळातली तीस सेकंदं खाल्लेली असतात. पण हे दोनदाच चालतं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर तो बाद. त्यामुळे तिसरी चढाई कुणी करायची आणि आधीच्या दोन कुणी ‘वाया’ घालवायच्या, हेही आधी ठरलेलं असतं. अमेरिकेत मुलं-नातवंडं असलेल्यांनी तिथल्या फुटबॉलमधला क्वार्टरबॅक टीव्हीवर पाहिला असेल. चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा, आणि समोरचे धटिंगण अंगावर यायच्या आत तो फेकणारा. मुख्य चढाईपटूचं काम त्याच जातीचं आहे. अंगापिंडाने तो संघातला सर्वांत थोराड गडी असायची गरज नाही. वजनाची तर वरून मर्यादाच आहे. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलो, कुमार गटात त्याहून बरीच कमी. “माझा झील सुरमई खाता, ताकदीक कमी नाय” हे खरं असलं तरी वजनकाट्यावर अर्धा किलो जास्त भरला तर झील बाहेर बसतो.

दुसऱ्या चढाईपटूला कुणी विचारत नाही, हाही एक गैरसमजच. कबड्डीत बाद झालेला गडी गुण मिळाल्यावर परत येतो, आणि तोही बाद झालेल्यांच्या क्रमाने. मुख्य चढाईपटू बाद होऊन बसला की त्याला आत आणायला कुणीतरी गुण मिळवायचा असतो. ते काम दुसऱ्या किंवा तिसऱ्या चढाईपटूचं, नाहीतर पकड करणाऱ्यांचं. मोठा खेळाडू सहा-सात मिनिटं बाकावर अडकला तर संघावर लोण चढतो, म्हणजे अख्खा संघ बाद होतो आणि दोन गुण जास्तीचे जातात. लिलावात या दुय्यम गड्यांची किंमत कमी असते, पण प्रशिक्षक त्यांच्यावाचून संघ बांधत नाहीत. गावाकडच्या पोरांनी हे लक्षात ठेवावं, कारण जागा मिळते ती बहुतेकदा इथेच.

आता पैशांकडे येऊ, कारण सगळ्यांत मोठा घोळ तिथेच आहे. लिलावातली रक्कम एका हंगामाची असते आणि हंगाम साधारण अडीच महिन्यांचा. पुढच्या वर्षी संघाने कायम ठेवलं तर ठीक, नाहीतर पुन्हा लिलाव. गेल्या काही हंगामांत खेळाडूंचे चार गट होते आणि त्यांच्या मूळ किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख. नाव यादीत आलं म्हणजे बोली लागलीच असं नाही, आणि ‘ड’ गटातल्या बहुतेकांना मूळ किंमत मिळाली तरी घरात पेढे वाटले जातात. संघ बारा आहेत आणि प्रत्येकात वीस-बावीस खेळाडू धरले तर देशभरासाठी, अधिक इराण वगैरे देशांतून येणाऱ्यांसाठी, जागा अडीचशेच्या आसपास. त्यातले सामन्याला सुरुवातीपासून मैदानात उतरणारे मुख्य चढाईपटू म्हणाल तर बारा-पंधरा.

आकडा कायम चढत जातो, हाही भ्रम. प्रदीप नरवाल हा या लीगने घडवलेला सर्वांत मोठा चढाईपटू. २०१५ मध्ये बंगळूरू बुल्सकडून सुरुवात केली, मग पाटण्याला सलग तीन विजेतेपदं, २०१७ च्या एकाच हंगामात चढाईचे ३६९ गुण. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख दिले. २०२४ मध्ये तो पुन्हा बंगळूरूला आला तेव्हा किंमत होती ७० लाख. २०२५ च्या लिलावात त्याला कुणी घेतलंच नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. खात्यावर चढाईचे १८०१ गुण, वय २८. क्वार्टरबॅकचा खेळ याबाबतीत उदार आहे. तिथला टॉम ब्रेडी २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत १९९ वा आला होता, सात सुपर बोल म्हणजे अंतिम सामने जिंकला आणि ४५ व्या वर्षी थांबला. पण त्याच्यापुढे उभे राहून धडका अडवायला पाच-सहा जण असतात. कबड्डीतला चढाईपटू सातांच्या घोळक्यात एकटा शिरतो आणि गुडघा त्याचा हिशेब ठेवत असतो.

दुखापतीबद्दल मात्र आजोबांचा पक्षही पूर्ण बरोबर नाही. ‘एकदा गुडघा गेला की संपला’ असं आता होतंच असं नाही. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. सगळा हंगाम बाहेर. पुढच्याच वर्षी त्याला आधी सांगितलेले २ कोटी ६० लाख मिळाले. त्याच्या मागे शस्त्रक्रिया, फिजिओ आणि रोज मोजून घ्यायचा व्यायाम होता. आपल्याकडे गावच्या मैदानावर गुडघा मुरगळला की तेल चोळून, फडकं आवळून पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना खेळतात. सुजलेल्या गुडघ्यावर खेळणं ही मर्दुमकी समजली जाते. मला तो सरळ मूर्खपणा वाटतो. पहिल्याच वेळी हाडांच्या डॉक्टरला दाखवलं तर पुढची पाच वर्षं वाचू शकतात.

“आमच्यासारख्यांक कोण इचारता? ह्या हरयाणवाल्यांचा काम!” हे वाक्य सिंधुदुर्गात फार ऐकू येतं. हरयाणाचा वरचष्मा आहे, त्यात वाद नाही. पण दोडामार्गाहून तिलारी घाट चढून वर गेलं की चंदगड तालुका लागतो, आणि तिथल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला होता. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले आणि पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. नंतर दुखापतीने त्याला बराच काळ बाहेर बसवलं, आणि २०२३ मध्ये हरयाणा स्टीलर्सने १ कोटीला पुन्हा उभं केलं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणच्या युवा संघातून वर आला, कप्तान झाला, आणि त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याने दहाव्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. महाराष्ट्राच्या पोरांना दार बंद नाही. आपल्या जिल्ह्याची अडचण वेगळी आहे: जून ते सप्टेंबर उघड्या मैदानावर पाय ठेवता येत नाही, आणि ज्या मॅटवर पुढे खेळायचं ती फार थोड्या ठिकाणी आहे. मातीवर अनवाणी वळणारा पाय मॅटवर बुटात वेगळा वळतो, पडण्याची पद्धतही बदलते. तारकर्लीच्या वाळूत पळून पोटऱ्या मजबूत होतील, पण झटक्यात दिशा बदलायचा सराव वाळूत होत नाही. त्याला घट्ट जमीन लागते.

प्रो कबड्डी यायच्या आधी कबड्डीत काही नव्हतं, हा समज तर कोकणानेच खोटा ठरवायला हवा होता. मुंबईत गिरणगावातल्या क्लबांत खेळून बँकेत, रेल्वेत, बंदरात, पेट्रोलियम कंपन्यांत नोकरीला लागलेले कबड्डीपटू ही आपल्याकडे जुनीच गोष्ट आहे. स्पर्धांच्या पत्रिकेत आजही ‘स्थानिक’ आणि ‘व्यावसायिक’ असे दोन गट असतात. व्यावसायिक म्हणजे कार्यालयांचे संघ. महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, मध्य रेल्वे ही नावं मुंबईच्या कबड्डीत लीगच्या कितीतरी आधीपासून आहेत. पहिल्या लिलावातला तो राकेश कुमारही रेल्वेचाच. लीगचा पगार अडीच महिन्यांचा, रेल्वेचा बारा महिन्यांचा. ज्यांची कारकीर्द सुखाने पार पडली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मागे अशी एखादी नोकरी होती.

आणि ही नोकरी टीव्हीवरच्या सामन्यावर मिळत नाही, प्रमाणपत्रावर मिळते. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण स्पर्धा अधिकृत हवी आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून व्हायला हवी. शिमग्यात किंवा जत्रेला खेळलेली, दहा हजारांचं बक्षीस आणि माणसाएवढा चषक देणारी आमंत्रितांची स्पर्धा तिथे कामाची नाही. कामाची आहे ती जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा ही शिडी. शालेय स्पर्धांत सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात मोडतो, म्हणजे राज्यापर्यंत पोचायला आधी कोल्हापूर-सांगली-साताऱ्याशी गाठ. अवघड आहे, पण तिथे मिळालेल्या कागदाचं वजन जत्रेतल्या चषकापेक्षा जास्त. पुष्कळ गुणी पोरांना हे पंचविशीत कळतं, तोवर कुमार गटाचं वय निघून गेलेलं असतं. पालकांनी चषक कपाटात मांडावेत, प्रमाणपत्रं मात्र लॅमिनेट न करता फाईलला लावून ठेवावीत.

ऑलिम्पिकचा एक छोटा मुद्दा. कबड्डी १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये होती असं कुणीतरी नेहमी सांगतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे प्रात्यक्षिक दाखवलं होतं, पदकासाठी सामने नव्हते. आशियाई स्पर्धेत मात्र १९९० पासून पुरुषांची कबड्डी आहे आणि २०१० पासून महिलांचीही.

खेळणं थांबलं की सगळं थांबतं, असंही नाही. मनप्रीत सिंगने २०१६ मध्ये कप्तान म्हणून पाटण्याला जिंकून दिलं आणि २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून हरयाणा स्टीलर्सला. पंच, प्रशिक्षक, फिजिओ, सामन्यांचं चित्रण बघून विश्लेषण करणारे, अशी कामं आता या खेळात आहेत. खेळाडू म्हणून फार काही न करता मोठं होता येतं, हे तर मालवणला सांगायलाच नको. सचिनला घडवणारे रमाकांत आचरेकर १९३२ साली इथलेच जन्मलेले, आणि त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे.

राहिल्या मुली. मुलाला सांगितलेलं सगळं मुलीलाही लागू आहे असं गृहीत धरून बोललं जातं, ते चूक आहे. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर महिलांचे तीन संघ खेळवून पाहिले, पण पुरुषांसारखी मोठी लीग त्यातून उभी राहिली नाही. खेळात त्या मागे नाहीत. २०१२ मध्ये पाटण्यात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या, आणि राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये जाहीर केले. लिलावाशिवाय कबड्डीतून कोटीचा आकडा दिसला तो असा. तेव्हा चेडू चढाई बरी करत असेल तर तिला लिलावाचं स्वप्न दाखवण्याआधी रेल्वे आणि पोलिसांच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीच्या तारखा शोधून द्या, आणि कुमार गटाची पुढची जिल्हा चाचणी कधी आहे तेही विचारून ठेवा.