तांबडा दिवा आणि मोटारीचे जनित्र



मोटारीत चालकाच्या डोळ्यांपुढे जी काट्यांची पाटी असते, तिच्यात नखाएवढा एक तांबडा दिवा असतो. त्यावर बॅटरीचे चित्र असते. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. इंजिन चालू असतानाही तो विझेनासा झाला, तर काय समजायचे आणि घरच्या अंगणात आपल्या हातांनी काय करायचे, हे आज सांगणार आहे. आधी मात्र माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मोटार जुनी, पेट्रोलवर चालणारी. एका पावसाळ्यात तो तांबडा दिवा लागला तो लागलाच. मी म्हटले, मोटार चालते आहे ना, मग रविवारी बघू! तीन दिवस तशीच कॉलेजला नेली-आणली. तिसऱ्या रात्री शेजारच्या काकूंना साप चावला. वाडीत दुसरी मोटार नाही. काकूंना मागे झोपवले, त्यांचा मुलगा पुढे बसला आणि आम्ही तालुक्याच्या इस्पितळाकडे निघालो. घाटात पाऊस. दिवे चालू, काच पुसणारे वायपर चालू. वीसेक मिनिटांनी दिवे पिवळे पडू लागले. वायपर रेंगाळू लागला. मुलगा म्हणाला, "सर, उजेड कमी झाला का हो?" मी काही बोललो नाही. दहा मिनिटांनी इंजिन आचके देऊन बंद पडले. इस्पितळ अजून आठ किलोमीटर होते.

नशिबाने पाठीमागून दुधाचा टेंपो आला, त्यातून काकूंना नेले. काकू वाचल्या. पण त्या घाटात अंधारात काढलेली पंधरा मिनिटे मी विसरलेलो नाही. दिवा तीन दिवस मला सांगत होता, आणि मी रविवारची वाट बघत होतो.

आता असे का झाले ते पाहू. मोटारीतली बॅटरी म्हणजे पाण्याचा हौद समजा. ती वीज साठवते, तयार करीत नाही. हौद भरणारा पंप निराळा. इंजिनाच्या कुशीला, पट्ट्यावर फिरणारे एक यंत्र असते, तोच हा पंप. त्याला इंग्रजी नावाने अल्टरनेटर म्हणतात. मराठीत जनित्र म्हणू. पंप बंद पडला तरी हौदातले पाणी काही काळ पुरते, म्हणून मोटार चालत राहते आणि माणूस फसतो.

शिक्षकमंडळींना हिशेब आवडतो, म्हणून तोही मांडतो. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दिवसा नुसत्या ठिणगीला आणि किरकोळ कामाला सुमारे ५ अँपिअर लागतात. रोजचा जाण्यायेण्याचा वेळ सव्वा तास धरा. तीन दिवसांत आणि सुरू करण्याच्या खर्चासकट २० अँपिअर-तास गेले. उरले १५. रात्री दिवे, वायपर, ठिणगी मिळून सुमारे १८० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १५ अँपिअर. कागदावर एक तास मिळायला हवा होता. पण बॅटरीतून जितकी जोरात वीज ओढावी तितकी ती एकूण कमीच देते. म्हणून मला मिळाला अर्धा तास. गणित पाचवीतल्या मुलाचे आहे. ते मी आधी केले नाही, एवढेच.

जनित्राच्या पोटात काय असते? मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलता ठेवला की तारेत वीज उत्पन्न होते. सायकलचा डायनॅमो टायरवर घासून फिरतो तेव्हा हेच घडते. मोटारीच्या जनित्रात मधोमध फिरणारा भाग असतो. त्याच्या वेटोळ्यात बॅटरीतून थोडी वीज सोडली की तो चुंबक बनतो. ही वीज त्याला पोचवणारे कार्बनचे दोन लहान तुकडे असतात, त्यांना ब्रश म्हणतात. सभोवती स्थिर तारांची तीन वेटोळी असतात. त्यांत वीज तयार होते.

ही वीज असते प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणात इकडे, क्षणात तिकडे वाहणारी. बॅटरीला हवी दिष्ट, एकाच दिशेने जाणारी. म्हणून जनित्राच्या पाठीशी डायोड बसवलेले असतात. विहिरीतल्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना? पाणी वर जाऊ देतो, पण परत खाली येऊ देत नाही. डायोड विजेच्या बाबतीत तेच करतो. पूर्वीच्या मोटारींत डायनॅमो असे. इंजिन मंद चालले की तो पुरेशी वीज देत नसे. सिलिकनचे डायोड निघाले आणि अल्टरनेटर मोटारीत बसवणे सोयीचे झाले. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट मोटारीत तो १९६० मध्ये बसवला आणि पुढे सगळीकडे तोच रूढ झाला. शेवटी येतो रेग्युलेटर. इंजिन कितीही पळो, विजेचा दाब तो साधारण १४ व्होल्टच्या आसपास ठेवतो.

आणि तो तांबडा दिवा? पुष्कळ जुन्या मोटारींत त्याची एक बाजू बॅटरीला आणि दुसरी जनित्राला जोडलेली असते. दोन हौद नळीने जोडले आणि दोन्हींत पाणी सारख्या पातळीला आले, तर नळीतून पाणी वाहते का? नाही. तसेच इथे. जनित्र चालू झाले की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. जनित्र बंद पडले की वीज एकाच बाजूने वाहते आणि दिवा लागतो. किल्ली फिरवल्यावर दिवा मुळीच लागत नसेल, तर तेही लक्षण चांगले नव्हे, बरं का. दिव्याचा बल्बच गेला असेल, तर काही मोटारींत जनित्राला सुरुवातीची वीजही मिळत नाही.

दिवा लागला की लगेच जनित्राला दोष देऊ नका. आधी पट्टा पाहा. तो तुटला किंवा सैल झाला असेल, तर जनित्र बिचारे काय करील? मारुती ८०० सारख्या मोटारींत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तेव्हा पट्टा तुटल्यावर तशीच मोटार हाकली, तर इंजिन तापून मोठा खर्च येतो. मग बॅटरीची टोके पाहा. त्यांवर पांढरा-हिरवा खार धरला असेल तर गरम पाण्याने धुऊन, पुसून, पॉलिशपेपरने घासा. मग तारा आणि फ्यूज.

हे सगळे ठीक असेल, तर मल्टिमीटर घ्या. तो काही शाळांच्या विज्ञानाच्या कपाटातही सापडतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळपास दाखवते. इंजिन सुरू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. चढलाच नाही, उलट उतरत गेला, तर जनित्र वीज देत नाही. आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरी उकळून मरेल.

इथे एक जुनी सवय मोडायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहायची, मोटार चालू राहिली तर जनित्र चांगले, अशी परीक्षा डायनॅमोच्या काळापासून चालत आली आहे. अल्टरनेटरला ती मारक आहे. तार निघताच विजेचा दाब एकदम उसळतो आणि डायोड जळतात. चांगले जनित्र या परीक्षेतच नापास होते! तसेच ट्रॅक्टरची बॅटरी लावून मोटार सुरू करताना धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली, तर डायोड क्षणात संपतात.

जनित्र बदलायचे ठरले, तर तयारी अशी. इंजिन पूर्ण थंड. मोटार सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. हातातले घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवा. पंचाचे टोक, ओढणी, पदर काही लोंबू देऊ नका. पुढे इंजिन चालू करावे लागते आणि पट्टा माणूस ओळखत नाही. जवळपास विडी नको; बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. हत्यारे फार नाहीत: पुष्कळ मोटारींना बारा आणि चौदा नंबरचे पाने, लाकडाचा एक भक्कम दांडा, आणि गंजलेल्या बोल्टवर सोडायला थोडे तेल. तेल आदल्या रात्री सोडले तर सकाळी कष्ट वाचतात.

पहिले काम, बॅटरीची ऋण तार, म्हणजे वजा खूण असलेली, आधी काढायची. का? मोटारीचे सगळे अंग ऋण टोकाला जोडलेले असते. धन टोकावर पाना लावला आणि तो पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडून पाना लाल होतो. ऋण तार आधी निघाली की ही भीती उरत नाही. जोडताना उलट: ऋण तार सर्वांत शेवटी.

दुसरे, तारा कुठे आहेत त्याचे मोबाईलवर छायाचित्र घ्या किंवा कागदावर आकृती काढा. जनित्राला नटाने बसवलेली एक जाड तार असते, आणि बारीक तारांचा एक खटका. खटका तारेला धरून ओढू नका, त्याची खाच दाबून काढा.

तिसरे, जनित्र साधारण दोन ठिकाणी धरलेले असते. एका बाजूला ते बिजागरीसारखे फिरते. दुसऱ्या बाजूला लांबट खाचेच्या पट्टीत सरकते. दोन्ही बोल्ट सैल करा, जनित्र इंजिनाकडे ढकला, पट्टा आपोआप ढिला पडून निघतो. मग बोल्ट काढा. एका हाताने जनित्राला आधार द्या; ते चार-पाच किलोंचे असते, पायावर पडले तर महिनाभर लंगडाल.

चौथे, नवे जनित्र बसवण्यापूर्वी जुन्याशेजारी ठेवून पाहा. पुलीची जाडी, बोल्टची भोके, तारांची ठिकाणे आणि अंगावर लिहिलेले अँपिअर जुळतात का? हाताने फिरवा, खरखर लागली तर परत करा. दुकानात दुरुस्त करून नव्यासारखी केलेली जनित्रेही मिळतात. ती स्वस्त पडतात, पण दुकानातच तपासून घ्यावीत. पट्ट्याला चिरा असतील तर तोही याच वेळी बदला.

पाचवे, बिजागरीचा बोल्ट हलकेच लावा, पट्टा चढवा, आणि दांड्याने जनित्र बाहेर रेटून पट्टा ताणा. दांडा पुलीजवळच्या भक्कम भागाला लावा. मागचे पातळ ॲल्युमिनियम तडकते. पट्टा किती ताणायचा? दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबला की साधारण एक सेंटिमीटर खाली जावा. सैल राहिला तर किंचाळतो. फार ताणला तर जनित्राचे आणि पाण्याच्या पंपाचे बेअरिंग खातो. मग सगळे बोल्ट घट्ट करा, तारा लावा, जाड तारेवरची रबरी टोपी विसरू नका, आणि शेवटी ऋण तार.

उतरलेली बॅटरी मात्र आधी बाहेर चार्ज करून घ्या. रिकामा हौद भरायला नवा पंप पहिल्याच दिवशी राबवू नये. मोटार सुरू करा, दिवा विझला का पाहा, मल्टिमीटर लावा. मग दिवे आणि वायपर चालू करूनही आकडा १३.५ च्या वर टिकला, तर काम फत्ते. नवा पट्टा थोडा ताणतो, म्हणून आठवड्याभराने पुन्हा अंगठा लावून पाहा.

नव्या मोटारींत जनित्राचा कारभार संगणकाकडे असतो, जागाही अडचणीची असते. तिथे मेकॅनिककडे जाणेच शहाणपणाचे.

आमचे जनित्र उघडले तेव्हा ब्रश झिजून कणभर उरले होते आणि बेअरिंग वाजत होते, म्हणून ते सबंधच बदलले. काकूंचा मुलगा पाने देत होता. अडीच तास लागले. जुने जनित्र मी भंगारात दिले नाही, गावच्या शाळेला दिले. तिथल्या गुरुजींनी ते खोलून ठेवले आहे. मधल्या भागाला बॅटरीच्या दोन तारा क्षणभर लावल्या की त्याला खिळे चिकटतात, आणि विजेने चुंबक कसा बनतो, हा धडा मुलांना न शिकवता समजतो. शिक्षकबंधू-भगिनींनो, जवळच्या गॅरेजात असे एखादे निकामी जनित्र मागून पाहा, बहुधा मिळेल.

आणि ज्यांच्या दारात जुनी मोटार आहे, त्यांनी उद्या सकाळी किल्ली फिरवताना त्या तांबड्या दिव्याकडे पाहावे. तो लागावा, आणि मग विझावा. विझला नाही, तर रविवारची वाट पाहू नका.